जायफळाचे वेढे

दिवसा झोपणाऱ्या माणसाला या शहरात कुणी वाली नाही. रात्री दहानंतर कुणाच्या टीव्हीचा आवाज जरा वाढला की सोसायटीच्या ग्रुपवर दोन परिच्छेदांची तक्रार येऊन पडते. सकाळी नऊला मात्र कचऱ्याच्या गाडीचं गाणं, भंगारवाल्याचा भोंगा आणि वरच्या मजल्यावर फरशी कापायचं मशीन हे सगळं एकदम सुरू झालं तरी कुणाची हरकत नसते. संतोषची झोपायची वेळ नेमकी तीच. तो कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर होता. संध्याकाळी सातला धायरीतून निघायचं, आयटीवाल्यांना घरून उचलून हिंजवडीला सोडायचं, तिथून सुटलेल्यांना घरी पोचवायचं, असं सकाळपर्यंत चालायचं. घरी यायला नऊ वाजायचे. सगळं जग झोपताना जे काही गरम पितं ते संतोष सकाळी साडेनऊला प्यायचा आणि खिडकीला लावलेल्या जाड चादरीच्या अंधारात जाऊन पडायचा.

पडायचा, एवढंच. झोप काही यायची नाही. भोंगा वाजला की कूस, कुकरची शिट्टी झाली की कूस. दुपारी उठायचा तेव्हा डोळ्यांखाली काळं आणि जिभेवर धार. त्याची बायको पूर्णिमा या सगळ्यात श्वास रोखून घरात वावरायची. दोन खोल्यांचं घर, त्यात तिचं फॉल-पिकोचं मशीन. मशीन चालवलं की संतोषची झोप मोडणार आणि नाही चालवलं की लोकांच्या साड्या साचणार. दिवसभर ती हातशिलाईचं काम करत बसायची आणि मशीनकडे बघून चरफडायची.

म्हणून तिने दुधात जायफळ घालायला सुरुवात केली. त्यात नवीन काही नाही. लहान बाळाच्या गुटीत घालतात तेच जायफळ. सहाणेवर दुधाचे दोन थेंब टाकायचे आणि जायफळ गोल फिरवायचं. एक फेरी म्हणजे एक वेढा. बाळाला अर्धा वेढा, मोठ्या माणसाला चार-पाच. वजन नाही, माप नाही, ज्याचा त्याचा हात. पूर्णिमाच्या आईने तिला लग्नाआधी पुसदला शिकवलं होतं तसं ती रोज मोजून पाच वेढे घासायची, गरम दुधात कालवायची आणि पेला ओट्यावर ताटलीखाली झाकून ठेवायची. संतोष आंघोळ करून येऊन प्यायचा. थोडा फरक पडला. फार नाही.

फरक पडला तो सासूबाई आल्यावर.

द्वारकाबाई गुडघ्याच्या औषधासाठी गावाहून आल्या त्याला तीन आठवडे झाले होते. मुलाची दशा बघून त्यांनी पहिल्याच दिवशी कपाळाला हात लावला. "असा कसा झाला गं माहा पोरगा," असं म्हणत त्या त्याच्या उशाशी बसून राहिल्या. आणि चार-सहा दिवसांत चमत्कार झाला. संतोष पडला की झोपायला लागला. भोंगा झाला, कुकर झाला, तो आपला गाढ. एके दिवशी पूर्णिमाने भीत भीत मशीनचा एक टाका मारून पाहिला. तो हलला नाही. मग तिने अख्खा फॉल लावला. दुसऱ्या दिवशी चार साड्या. आपल्या दुधाला अखेर गुण आला असं तिला वाटलं आणि खरं सांगायचं तर तिला फार आनंद झाला. त्या आनंदात नवऱ्याची काळजी किती होती आणि मशीन चालल्याचं समाधान किती होतं, याचा हिशेब तिने तेव्हा केला नाही. कोण करतं?

त्या गुरुवारी कंपनीतून निरोप आला. दुपारच्या शिफ्टचा ड्रायव्हर आला नव्हता. संतोषने तीनलाच निघायचं, पावणेचारपासून बिबवेवाडीतल्या तिघांना उचलायचं आणि सव्वापाचला हिंजवडीला पोचवायचं. म्हणजे झोपायला मिळणार जेमतेम पाच तास. पूर्णिमाने विचार केला, थोडी झोप तर थोडी, पण पक्की व्हावी. तिने आठ वेढे घासले. पेला झाकला आणि धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली. खाली आली तेव्हा पेला रिकामा होता आणि संतोष चादरीच्या अंधारात घोरत होता. तिने मशीन सुरू केलं.

अडीचला गजर झाला. पुन्हा झाला. तिसऱ्यांदा तिने त्याला दोन्ही खांद्यांना धरून हलवलं तेव्हा तो उठून बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. डोळे लालभडक होते. "तोंडाला कोरड पडली आहे," म्हणाला आणि उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्याला. शर्टाची बटणं एक घर चुकवून लावली. पूर्णिमा हसली. "अहो, झोप एवढी मानवली का?" तिने बटणं नीट लावून दिली. त्याचा गळा गरम लागला तिच्या बोटांना, पण झोपेतून उठलेलं माणूस गरम असतंच. जिन्यात तो भिंतीला हात लावत लावत उतरला. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि ती पुन्हा साड्यांकडे वळली.

चार वाजता तळमजल्यावरच्या कुसुमकाकू आल्या. कुसुमकाकू मूळच्या शनिवार पेठेतल्या. तीस वर्षं तिथल्या एका आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात काउंटरवर होत्या आणि निवृत्त झाल्यावर धायरीला फ्लॅट घेऊन आल्या. या गोष्टीचं दुःख त्या अजून रोज कुणाला ना कुणाला ऐकवत असत.

"ही साडी. परवा हवी आहे," त्या दारातच म्हणाल्या. "परवा म्हणजे परवा. तुझी परवा नव्हे, मागच्या वेळी ती आठ दिवसांनी उगवली होती."

पूर्णिमाने त्यांना आत बोलावलं. ओट्याशी चहाचं आधण ठेवत असताना काकूंची नजर सहाणेजवळ गेली. "हे काय, जायफळं उंदरांना घालता की काय तुम्ही?"

पूर्णिमाने पाहिलं. कालच तिने वाण्याकडून नवं जायफळ आणलं होतं. सकाळी त्यावर आठ वेढे घासले तेव्हा ते अख्खं होतं, टोकाला नखाएवढा पांढरा ठिपका पडला होता फक्त. आता जे सहाणेशेजारी पडलं होतं ते अर्धं होतं. आणि झिजलेली बाजू सहाणेवर होते तशी गुळगुळीत नव्हती. खरबरीत होती, रेघा रेघांची.

"आई," तिने हाक मारली, "जायफळ कशात घातलं हो तुम्ही?"

द्वारकाबाई आतल्या खोलीत मेथी निवडत होत्या. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि ओट्याकडे बघून अगदी मोकळेपणाने हसल्या. "संतोषच्या दुधात, आनखी कशात? मी आली तवापासून टाकून राहिली न मी. तुह्या पाच वेढ्यानं काय होते, बाई? मी वरून धा-पंधरा घासत जाते. म्हनून त् झोपते पोरगा."

"रोज?"

"रोज. तू गच्चीवर गेली का." द्वारकाबाईंना सुनेचा चेहरा अजून कळला नव्हता. "आज त् टाइमच नोता. लवकर जायचं म्हने त्याले. सहानीवर कवा घासू? किसनी घेतली अन् किसून टाकलं. साखर डबल टाकली, म्हनून कडू नाही लागलं त्याले. गटागटा पिला."

पूर्णिमाने काकूंकडे पाहिलं. एखादा टोमणा येईल, "किसणी कशाला, खलबत्ताच घ्यायचा" असं काहीतरी येईल, या आशेने पाहिलं. टोमणा आला नाही. काकूंनी ते अर्धं जायफळ उचललं, तळहातावर तोललं आणि गॅस बंद केला.

"किती वाजता प्याला?"

"साडेनऊला."

काकूंनी बोटांवर तास मोजले. "जायफळ दारूसारखं नसतं गं. लगेच कळत नाही. चढायलाच पाच-सहा तास घेतं, आणि चढलं की दुसऱ्या दिवसापर्यंत उतरत नाही. वेढ्यांनी काही होत नाही, पण अर्धं जायफळ किसून म्हणजे… आमच्या दुकानात एकजण आला होता. कुणाच्या तरी सांगण्यावरून खाल्लं होतं. काउंटर धरून उभा होता आणि मला विचारत होता, माझे पाय जमिनीला लागलेत का. तोंड कोरडं, डोळे लाल." त्या थांबल्या. "संतोष कुठे आहे?"

लाल डोळे. दोन तांबे पाणी. चुकलेली बटणं. भिंतीला लावलेला हात. पूर्णिमाला सगळं एका झटक्यात दिसलं. झोप झाली म्हणून ती खूश होत होती आणि ती झोप संपलेलीच नव्हती. तो ती बरोबर घेऊन गाडीत बसला होता, आणि तिने स्वतःच्या हाताने त्याचा शर्ट नीट करून त्याला पाठवला होता.

घड्याळात चार वाजून आठ मिनिटं झाली होती. तिने फोन लावला. रिंग पूर्ण वाजली. पुन्हा लावला. पुन्हा पूर्ण वाजली. गाडी चालू असताना संतोष फोन घेत नसे. कंपनीचा नियम होता, आणि नियमापेक्षाही तिची स्वतःची सक्त ताकीद होती. लग्न झाल्यापासून तिने त्याला एवढी एकच शिस्त लावली होती आणि तो ती इमानाने पाळत होता. सहा वेळा तिने ती रिंग शेवटपर्यंत ऐकली.

बिबवेवाडीतून लोक उचलून झाले असतील. आता कात्रज. मग महामार्ग, आणि मग नवले पुलाचा तो उतार. त्या उताराच्या बातम्या धायरीत कुणाला सांगाव्या लागत नाहीत. ब्रेक निकामी झालेला ट्रक, एकमेकांवर आदळलेल्या गाड्या. दर थोड्या महिन्यांनी तेच फोटो. संतोष स्वतःच म्हणायचा, तिथे डोळ्याची पापणी लवायला परवानगी नाही.

"कंपनीत फोन कर," काकू म्हणाल्या.

"नको!" द्वारकाबाईंना आता कळलं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, तरी त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला. "कंपनीत नको सांगू माय. नोकरी जाईन त्याची. तो संजय नाही का, त्याचं काय झालं?"

संजय संतोषच्याच गावचा. तोंडाला वास आला असं एका प्रवाशाने कळवलं आणि त्याच दुपारी त्याचं कंपनीचं कार्ड बंद झालं, म्हणजे नोकरी गेली. नशा केलेला ड्रायव्हर म्हणून नाव लागलं ते लागलंच. पुढे कुठल्याही कंपनीने त्याला गाडीवर घेतलं नाही. तो गावी परत गेला. आणि संतोषने या ड्युटीसाठी आठ महिने वाट पाहिली होती. आठ महिने मिळेल ती बदली गाडी चालवली होती.

पूर्णिमाने कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कचा नंबर लावला आणि खोटं बोलली. फोनवर कुणी पियुष म्हणून पोरगा होता. घरी आई फार आजारी आहेत, ती म्हणाली, संतोषना गाडी थांबवून लगेच फोन करायला सांगा.

"मॅडम, त्यांची ट्रिप ऑन आहे. गेस्ट बसलेत गाडीत," पियुष म्हणाला. आवाजात कंटाळा होता, पण उद्धटपणा नव्हता. "मध्ये नाही थांबवता येत. तुम्ही अँब्युलन्स बोलवा ना. फाइव्ह फिफ्टीनला ड्रॉप झाला की मी लगेच सांगतो त्यांना."

फोन ठेवला तेव्हा चार वाजून सोळा मिनिटं झाली होती. खोटं बोलण्यात अख्खी चार मिनिटं गेली होती. आणि तरी ती लगेच दुसरा फोन लावू शकली नाही, हे तिला पुढे कितीतरी दिवस खात राहिलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि तिच्या मनात आलं: काही होणारही नाही कदाचित. चांगला हात आहे त्याचा. गेले तीन आठवडे रोज पंधरा-पंधरा वेढे पिऊन गेलाच ना? एक तासाचा तर प्रश्न. सव्वापाच वाजतील, त्याचा फोन येईल, आणि आज रात्री आपण हे जायफळ नाल्यात फेकून देऊ, कुणाला काही कळायचं नाही. भीती माणसाशी किती गोड बोलते! द्वारकाबाई देवाचं नाव पुटपुटत होत्या. त्यांचीही हीच प्रार्थना होती.

मग तिला गाडीतले ते तिघं आठवले. ना नाव माहीत, ना चेहरा. पाठीवर सॅक आणि कानात ते इअरफोन घालून, ड्रायव्हरच्या भरवशावर डोळे मिटून बसलेले तिघं. त्यांच्याही घरी कुणीतरी या क्षणी निवांत चहा पीत असेल.

तिने फोन लावला. "मघाशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "घरी कुणी आजारी नाही. मी त्यांच्या दुधात जायफळ घातलं. फार घातलं. त्यांना माहीत नाही. त्यांना गुंगी येणार, आली पण असेल. गाडी थांबवा हो."

"जायफळ म्हणजे… ते श्रीखंडात घालतात ते?" त्या पोराला हसू आवरत नव्हतं.

कुसुमकाकूंनी फोन हिसकावून घेतला आणि स्पीकरवर टाकला. "पियुष ना तू? मी तीस वर्षं औषधं विकली आहेत. तुला हसायचं असेल तर हस, पण सावकाश हस, संध्याकाळी घरी जाऊन. आत्ता त्या गाडीत बसलेल्यांपैकी कुणाला तरी फोन लाव. ड्रायव्हरला नको. प्रवाशाला. लाव!"

त्याचं हसू थांबलं. की-बोर्डचा खडखडाट ऐकू आला. त्या गडबडीत त्याने यांचा फोन बंद केला नाही. तिकडचा फोन त्यातच जोडला गेला. एका मुलीचा आवाज आला.

"हॅलो? हो, मी अस्मिता. हो, गाडीतच आहे."

"मॅम, ट्रान्सपोर्ट डेस्क. कुठपर्यंत आलात?"

"आंबेगाव मागे गेलं आत्ता. उतार लागलाय. का?"

धायरीतल्या त्या स्वयंपाकघरात तीन बायका फोनवर वाकून उभ्या होत्या. पूर्णिमाने ओट्याची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांना रग लागली.

"मॅम, शांतपणे ऐका. ड्रायव्हर ओके वाटतायत का?"

"म्हणजे? गप्प आहेत. एसी लावलाय तरी घाम आलाय त्यांना खूप. आणि हळू चाललेत, पण… मधल्या लेनमधून." तिचा आवाज बदलला. "काय झालंय?"

"त्यांना गाडी साइडला घ्यायला सांगा. हळूच सांगा. घाबरवू नका त्यांना."

फोन तोंडापासून दूर गेल्याचं कळलं. गाडीचा आवाज मोठा झाला, बाजूने काहीतरी जड गेल्याची घरघर आली. "दादा," ती मुलगी म्हणाली, "जरा गाडी बाजूला घेता का?"

काही नाही. फक्त इंजिन.

"दादा?"

आणि मग संतोषचा आवाज आला. शांत, आदबशीर, प्रवाशांशी बोलताना तो जसा बोलायचा अगदी तसा.

"हो ताई. कोणती बाजू?"

द्वारकाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"डावीकडे, दादा. डावी बाजू."

"हो ताई," तो म्हणाला. तेवढ्यात एक हॉर्न सुरू झाला, ट्रकचा, लांबच लांब, जवळ जवळ येणारा, आणि गाडीतून कुणी पुरुष ओरडला, "अरे, डावीकडे! डावीकडे!" काहीतरी करकरत घासलं. फोन बंद झाला.

चार वाजून बावीस मिनिटं.

त्यानंतरची अकरा मिनिटं कशी गेली ते पूर्णिमाला कधीही धड सांगता आलं नाही. डेस्कचा फोन लागत नव्हता. संतोषचा फोन आता रिंगही वाजवत नव्हता. काकूंनी तिला खाली बसवलं ते तिला आठवत नाही. द्वारकाबाई देवाला शिव्या देत होत्या की स्वतःला, तेही नाही. एवढंच आठवतं, की वरच्या मजल्यावरचं फरशीचं मशीन चालू होतं आणि ते बंद पडू नये असं तिला वाटत होतं, कारण ते बंद पडलं की घरात शांतता होईल आणि त्या शांततेत फोन वाजेल.

फोन वाजला तेव्हा उचलायचं धाडस तिला झालं नाही. काकूंनी उचलला.

"सगळे सेफ आहेत," पियुष म्हणाला. तो रडत होता की धापा टाकत होता कळेना. "पुढे बसलेल्या गेस्टने स्टिअरिंग धरलं आणि हँडब्रेक ओढला. गाडी कठड्याला घासली. कुणाला काही नाही. तुमचे मिस्टर पण ठीक आहेत, पण… बोलतायत काहीतरी. त्यांना हॉस्पिटलला घेऊन चाललेत."

हॉस्पिटलात दोन रात्री ठेवलं. छाती इतकी धडधडत होती की डॉक्टरांनी आधी हृदयाचंच काही आहे असं धरलं होतं. पूर्णिमाने जायफळाचं सांगितलं, किती, कधी, कसं, सगळं. कुणी केलं याला तिने "मी" म्हटलं. फोनवर एकदा "मी" म्हणून गेली होती, तेच पुढे चालवलं. तिला त्यात काही मोठेपणा वाटला नाही. आठ वेढे तिचेच होते, आणि तो मेल्यासारखा झोपला होता तेव्हा खुशीत मशीन चालवणारीही तीच होती. द्वारकाबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली.

शनिवारी संतोष घरी आला. रविवारी पियुषचा फोन आला, हळू आवाजात. कार्ड बंद झालं होतं. त्याने शब्द टाकून पाहिला होता, पण कागदावर ड्रायव्हर गुंगीत होता एवढंच राहणार होतं; गुंगी कशाने आली याला कागदावर रकाना नाही.

तेव्हापासून संतोष बायकोशी बोलला नाही. पाणी स्वतःच्या हाताने माठातून घ्यायचा, आधी पेला उजेडात धरून बघायचा, मग प्यायचा. पूर्णिमा ते बघायची आणि नजर वळवायची. दूध घरात येणंच बंद झालं होतं. रात्री तो डोळे उघडे ठेवून पडायचा आणि तीही, शेजारी शेजारी, एकमेकांना कळू न देता.

मंगळवारी दुपारी जेवताना मात्र त्याचा बांध फुटला.

"मला काही झालं नव्हतं," तो ताटाकडे बघत म्हणाला. "डोकं जड होतं, बस. तो उतार मी रोज उतरतो. झोपेत उतरू शकतो. तू फोन केला नसतास ना, तर सव्वापाचला ट्रिप क्लोज करून मी घरी आलो असतो. कुणी पोराने स्टिअरिंग ओढलं म्हणतात, म्हणूनच गाडी घासली असेल. मी नीट चालवत होतो. दूध दिलंस ते समजू शकतो मी, चूक झाली. पण फोन? तुझा माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

पूर्णिमाने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. जे ऐकलं होतं ते त्याला सांगायचं नाही असं तिने हॉस्पिटलातच ठरवलं होतं. आठ वर्षांत एक ओरखडा न पडलेली गाडी, हाच त्याचा सगळा अभिमान. रागावू दे माझ्यावर, तिला वाटत होतं. रागावलेला बरा.

"तिले नको बोलू," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तू मध्ये पडू नको, आई."

"जायफळ मी किसलं." त्यांचा आवाज फाटला. "तिनं नाही. मी किसलं अर्धं जायफळ, अन् पाच दिवस झाले मी तिच्या मागं लपून राहिली. अन् फोन मी बी ऐकला. ते पोरगी म्हने दादा, गाडी बाजूले घ्या. अन् तू इचारलं, कोनती बाजू."

संतोष आईकडे बघत राहिला. जायफळाचं त्याच्या कानापर्यंत पोचलंसुद्धा नाही असं वाटलं. "कोण पोरगी?"

"गाडीतली."

"गाडीत कुठे पोरगी होती?"

आता पूर्णिमाला बोलावंच लागलं. "तिघं होते," ती म्हणाली. "मागे दोन मुली. पुढे तुमच्या शेजारी एक मुलगा. बिबवेवाडीतून बसवले होते तुम्ही. एकेकाच्या दारात थांबून."

त्याच्या हातातला घास ताटात पडला. तो आठवत होता. त्याच्या कपाळावरची शीर उडताना तिला दिसत होती. मग त्याने पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या नजरेत राग कुठेच नव्हता. लहान मूल घाबरतं तसा तो घाबरला होता.

"मी तर त्यांना घ्यायला चाललो होतो," तो म्हणाला. "गाडी रिकामी होती, पूर्णिमा. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं."